झाकणाची राखण

३ एप्रिल

टाचणे,

आशीर्वाद घे. जास्त झाले तर खोलीतल्या मैत्रिणीला वाट.

तुझं पाकीट मिळालं. पत्र अर्धं पान आणि फॉर्म सहा पानं. नात कचेरीत लागली की असं होतं. फोनवर बोललो असतो म्हणशील. फोनवर तू विचारतेस, "ऐकू येतंय का?" मी म्हणते, "येतंय." मग दोघी गप्प. त्यापेक्षा कागद बरा, चष्मा सापडेल तेव्हा वाचावा.

फॉर्म भरलाय. दुसरी इयत्ता शिकलेल्या बाईला भरता येईल तेवढा. वय अंदाजे टाकलं, माझ्या जन्माच्या वेळी पंचांग घेऊन कोणी उभं नव्हतं. व्यवसाय म्हणून लिहिलं, शिंप्याच्या दुकानाची काजं-बटणं, पन्नास वर्षं. 'कशाचा त्रास होतो का' इथे 'सुनेचा' लिहिलं होतं, पण तुझी आई मागे उभी होती, म्हणून खोडलं आणि 'गुडघ्यांचा' लिहिलं. दोन्ही खरंच आहे.

'रक्ताच्या नात्यात कोणाला लहानपणी मधुमेह होता का?' तुझ्याशिवाय कोणाला नाही.

'तपासणीसाठी रक्त देण्यास तयार आहात का?' नाही. आहे तेवढं मला पुरवून वापरायचंय.

तुझ्या दादाची लेक बटण आता चार वर्षांची झाली. मी बटण म्हणते म्हणून सगळे म्हणतात, आणि आहेच ती तशी गोल. काल माझ्या डब्यातलं एक खरं बटण नाकात घालायला निघाली होती. म्हटलं, अगं, जातभाई आहे तो तुझा, सोड.

शुगर किती ते दर पत्रात लिहीत जा. 'ठीक' लिहू नकोस. ठीक म्हणजे किती, ते मला समजत नाही.

कामं सोडून इकडे यायची काही गरज नाही.

तुझी आजी

११ एप्रिल

प्रिय आजी,

सकाळची शुगर १४२. रविवारी २६०, कारण एका मैत्रिणीचा वाढदिवस होता. ओरड आता.

तुझा फॉर्म मी इथे सगळ्यांना वाचून दाखवला. खोडलेलं 'सुनेचा' मोठ्या बाईंनी खिडकीच्या उजेडात धरून वाचलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या संशोधनाच्या प्रमुख. हसल्या, मग म्हणाल्या, "पण हा फॉर्म आपल्याला चालणार नाही."

आजी, नीट ऐक. आम्ही अशी कुटुंबं शोधतोय, ज्यांच्यात माझा हा आजार एकापेक्षा जास्त पिढ्यांत आलाय. तशा घरातल्या लहान मुलांचं रक्त दर सहा महिन्यांनी तपासतात. आजार यायच्या आधी रक्तात काही खुणा दिसतात. त्या लवकर दिसल्या तर आजाराला लांबवता येईल का, एक दिवस दारातूनच परत पाठवता येईल का, ते इथले लोक शोधतायत. फक्त मी एकटी असले तर आपलं घर या यादीत बसत नाही आणि बटणही बसत नाही. तीस जूनला यादी बंद होते.

मी दिवसभर काय करते माहितीये? लोकांच्या आज्यांना फोन करते. "आजी, तुमच्या लहानपणी घरात कोणाला मधुमेह होता का?" दहातल्या नऊ रक्त द्यायला तयार होतात. दहावी नेमकी माझी निघाली.

चौदा वर्षं झाली सुया टोचून घेतेय. औषध निघालं तरी माझ्यापर्यंत पोचेल का, सांगता येत नाही. बटणपर्यंत पोचावं, एवढीच धडपड.

आणि एक विचारू? मी आठ वर्षांची होते तेव्हा तुला कसं कळलं? आई मला ओरडत होती, सारखी काय पाणी पितेस म्हणून. तू शिलाई टाकून उठलीस, माझं तोंड हुंगलंस आणि उचलून सरळ दवाखान्यात नेलंस. वाटेत दिसेल त्या नळाशी थांबून मला पाणी पाजत होतीस. "पी गं, पोटभर पी." डॉक्टर म्हणाले होते, अजून एक दिवस गेला असता तर मुलगी गेली असती. कोणी शिकवलं होतं तुला?

तू शिवलेल्या इन्सुलिनच्या पिशवीचं बटण तुटलंय. काज शाबूत आहे. शिवायला घरी येऊ?

तुझी टाचणी

१९ एप्रिल

टाचणे,

कसं कळलं म्हणजे? मोरीत मुंग्यांची रांग लागली होती. लघवीला मुंग्या लागल्या की साखर, हे मुंग्यांनासुद्धा कळतं. त्यांची कुठे शाळा झालीय! चौदा वर्षांपूर्वीच्या मुंग्यांची चौकशी आता कशाला?

ज्या नऊ आज्या तयार आहेत त्यांचं रक्त घ्या. एकीवाचून तुमचं अडत असेल तर संशोधनच कच्चं आहे, असं तुझ्या मोठ्या बाईंना सांग.

बटणला काही झालेलं नाही, आणि मी डोळे उघडे ठेवून बसलेय. ती पाण्याचा पेला उचलते तेव्हा माझ्या हातातली सुई थांबते. तुमच्या यंत्रापेक्षा माझं लक्ष बारीक आहे.

सुई तुला काय नवीन आहे का? दिवसाला चार टोचतेस, एकात दोरा ओव आणि शीव. बटणासाठी कोणी एवढा प्रवास करतं का?

२६० म्हणे. वाढदिवस मैत्रिणीचा आणि केक हिच्या पोटात. शहाणी.

तुझी आजी

२७ एप्रिल

आजी,

आईशी फोनवर बोलले. ती म्हणाली, फॉर्म आला त्या दिवशी तू जेवली नाहीस, आणि दुकानाच्या चार सदऱ्यांची काजं उलट्या बाजूला पाडलीस. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

आता मला समजलं. घराण्यात आजार आहे असं कागदावर आलं की लोक बोलतील, माझं लग्न अडेल, उद्या बटणचं अडेल. हेच ना? मावशीने मागे माझ्या लग्नाचा विषय काढला होता तेव्हाही तू म्हणाली होतीस, "पोरीच्या साखरेचा गवगवा नको." तेव्हा मला वाटलं होतं, तू माझी बाजू घेतेयस.

चौदा वर्षं तू मला शिकवलंस, सुईला घाबरायचं नाही. स्वतःच्या दंडाला एक सुई लावून घ्यायची वेळ आली तर घराण्याची अब्रू आठवली. मला माझ्या आजाराची कधीच लाज वाटली नाही. तुला वाटते, हे माहीत नव्हतं.

बटण मी शिवलं. वाकडं बसलंय. राहू दे.

२० मे

टाचणे,

तीन आठवडे झाले. पोस्टमनला रोज विचारते. काल म्हणाला, "आजी, मी पत्रं वाटतो, लिहीत नाही."

लाज-बिज तुझ्या डोक्यातलं पीक आहे, माझ्या शेतात ते उगवत नाही. रागाने लिही, शिव्या घालून लिही, पण शुगर किती ते लिही. आकडा नुसता लिहून पाकीट पाठवलंस तरी चालेल.

तुझ्या आईला फोनवर सांगितलंस म्हणे, कामात आहेस. तिला पटलं. ती साधी आहे.

आजी

६ जून

प्रिय आजी,

खरंच कामात होते. आज १५८. रागावलेली होते, आता नाही. माणूस किती दिवस रागावणार, कंटाळा येतो.

मधे थोडा ताप होता, आता ठीक आहे. वसतिगृहाचा फ्रिज बंद पडला होता आणि कोणी सांगितलंच नाही, त्यामुळे माझं इन्सुलिन खराब झालं. सुया टोचत होते आणि जणू पाणीच टोचत होते. त्यात गंमत ऐक. दुपारची वेळ, खोलीत एकटी, आणि इतकी तहान, आजी, की विचारू नकोस. नळाला पाणी नव्हतं. शेवटी कपडे भिजवलेल्या बादलीतलं प्यायले. ओंजळीने नव्हे, सरळ तोंड घालून. साबणाची चव अजून जिभेवर आहे. मैत्रीण म्हणते, आतून धुऊन निघालीस. हस ना.

फॉर्मचं राहू दे. मी मोठ्या बाईंना सांगितलंय, आपलं घर सोडून द्या म्हणून. तुला त्रास होणार असेल तर मला नको.

पिशवीचं बटण परत तुटलं.

तुझी टाचणी

१२ जून

टाचणे,

कागदाचा वरचा कोपरा फाडलास, पण शिक्क्याचा अर्धा गोल राहिला. दवाखान्याचा कागद आहे. अक्षर प्रत्येक ओळीच्या शेवटी खाली घसरलंय, म्हणजे आडवी पडून लिहिलंस. 'थोडा ताप' म्हणे. मी शिकले दुसरीपर्यंत, पण लपवालपवीत तुझ्यापेक्षा जास्त वर्षं काढलीत. चोराची पावलं चोरालाच ओळखू येतात.

आता माझी चोरी ऐक. हे मी तुझ्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं. मधेच थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एकटाकी लिहितेय. चुका दुरुस्त करत बसू नकोस.

मला एक धाकटी बहीण होती. मी नऊ वर्षांची, ती पाच. सारखं पाणी मागायची, म्हणून घरात सगळे तिला तहानी म्हणायचे. आधी लाडाने, मग चिडून. रोज अंथरूण ओलं करायची. वाळत घातलेल्या चादरीला मुंग्या लागायच्या. खायची पुष्कळ आणि हाडं मात्र वर येत चाललेली. आईने गल्लीतल्या औषधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, वाईट सवय आहे, पाणी तोडा, आपोआप सुधारेल. आई वाईट नव्हती. आठ माणसांची धुणी एकटी धुवायची, वर ही चादर रोजची.

आई कामावर गेली की माठावर झाकण, झाकणावर दगड, आणि राखणीला मी. मला मोठेपणा वाटला गं. घरातलं पहिलं मोठं काम मिळालं होतं.

ती समोर येऊन बसायची. रडायची नाही, रडायला तोंडात ओल नव्हती. म्हणायची, "ताई, एक घोट. एकच." मी म्हणायचे, "आईला सांगेन." ती माठाला बाहेरून जीभ लावायची, माठ पाझरतो ना, त्या ओलीला. मी तिथूनही तिला ओढून काढायचे.

एका दुपारी मी डुलकी घेतली. जागी झाले तर ती मागच्या दारी, कपडे भिजवलेल्या बादलीत तोंड घालून पीत होती. साबणाचं पाणी. संध्याकाळी मी आईला सांगितलं. शाबासकी मिळाली मला.

चार दिवसांनी ती झोपून राहायला लागली. श्वास मोठा मोठा, आणि तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास. आम्हाला वाटलं, सुधारली, पाणी मागत नाही. मग ती गेली. त्या दिवशी कोणीतरी माठावरचं झाकण काढलं, आणि मी तिथेच बसून होते, कारण मला ऊठ म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

तुझं तोंड हुंगलं ते त्यामुळे. मला कोणी शिकवलं विचारतेस ना? तिने.

फॉर्मवर 'मधुमेह' लिहिलं होतं. तिला मधुमेह आहे असं कोणी कधी म्हटलंच नाही, तर 'कोणाला नाही' हे काही अगदीच खोटं नव्हतं. अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं असं की तुमच्या सुईने रक्त काढलं की त्यात ते दिसेल, असं वाटत होतं. साखर नव्हे. दगड.

म्हणे लाज. हो, लाजच. पण तुझी नव्हे.

बादलीचं वाचून मला हसू आलं नाही.

आजी

१८ जून

आजी,

चार दिवस दवाखान्यात होते, दोन दिवस सलाइनवर. आता खरंच बरी आहे. आज १३१. तुझी शपथ, १३१च.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. एक सांगायचंय, ते मी आजार ओळखणारी म्हणून सांगतेय, समजूत काढायला नाही. ती तहानेने गेली नाही. तिला इन्सुलिन हवं होतं, आणि तुमच्या गल्लीत ते कोणाकडे नव्हतं. तू माठ अख्खा तिच्या पुढ्यात ठेवला असतास तरी ती वाचली नसती.

दुसरं. पत्र वाचल्यावर मला कळलं की आम्ही इतके महिने चुकीचा प्रश्न विचारतोय. "मधुमेह होता का?" तुमच्या वेळच्या घरात हा शब्द आलाच कुठे होता! सोमवारी कामावर परत गेले आणि ज्या आज्यांनी "नाही" सांगितलं होतं त्यांना पुन्हा फोन लावले. या वेळी वेगळं विचारलं. "आजी, तुमच्या लहानपणी घरात खूप तहान लागून कोणी लहान मूल गेलं होतं का?"

दहातल्या तिघी फोनवर गप्प झाल्या.

तू नाही का होत, तशाच. मी फोन ठेवला नाही, थांबून राहिले. मग एकीने सांगितलं, भाऊ. एकीने सांगितलं, मावशी, सात वर्षांची. तिसरी म्हणाली, "तुला कसं कळलं, पोरी?" मोठ्या बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पेन घेतलं आणि फॉर्मवरचा प्रश्न स्वतः बदलला. आता सगळीकडे 'तहान' छापून जाणार आहे. मी तुझं नाव घेतलं नाही. एका आजीने सांगितलं, एवढंच म्हटलं.

रक्त दे म्हणत नाही. तुझं तू ठरव.

मला तुझ्याजवळ यावंसं वाटतंय. पण तू म्हणशील, काही गरज नाही.

टाचणी

१ जुलै

टाचणे,

ती वाचली नसती, हे मला बऱ्याच वर्षांपूर्वी समजलं. तुझ्या दवाखान्याच्या बाकावर बसून डॉक्टरांचं ऐकलं तेव्हाच. गेली असतीच. पण तहानलेली गेली नसती. तुमच्या संशोधनात याला औषध नाही, आणि मी मागतही नाही.

आता कामाचं. परवा, म्हणजे एकोणतीसला, रक्त देऊन आले. दादा घेऊन गेला, बटणही बरोबर, तिचंही द्यायचं होतं. मी तयार झाल्याचं दादाने फोनवर कळवल्यावर तू त्याला चिठ्ठीत लिहिलं होतंस, उपाशी पोटी या. मी आदल्या संध्याकाळपासून तोंडात काही घातलं नाही, पाणीसुद्धा नाही. दादा म्हणाला, "आजी, पाणी चालतं." मी म्हटलं, "उपाशी म्हणजे उपाशी, मला शिकवू नकोस." खरं कारण त्याला कशाला सांगू? पाऊण दिवस तरी बघावं म्हटलं, कसं असतं ते. बघितलं. जीभ टाळूला चिकटते. दुसरं काही सुचत नाही. समोरच्या माणसाच्या हातातला पेला तेवढा दिसतो.

तिथली नर्स चुणचुणीत. डावा दंड बांधला, शीर नाही. उजवा बांधला, शीर नाही. दोनदा टोचलं, थेंब नाही. मी म्हटलं, "पन्नास वर्षं सुई चालवलीय, मी टोचून दाखवू का?" तिने माझ्या जिभेकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, पाणी कधी प्यालात?" दादाने सांगून टाकलं. मग ओरडली की मला! "या वयात असं करतात का? आतून वाळलात, म्हणून शिरा बसल्यात. पाणी पिऊन या, त्याशिवाय रक्त येणार नाही."

मोठा पेला भरून आणला. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "प्या." बटण माझ्या गुडघ्याशी उभी होती. तिने दोन्ही हातांनी पेला उचलला, अर्धा माझ्या लुगड्यावर सांडला आणि माझ्या तोंडाला लावला. "आजी, एक घोट. एकच."

तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. लहान मुलांना औषध पाजताना सगळे तसंच म्हणतात.

प्याले. तीन पेले प्याले, टाचणे. तिसऱ्यानंतर शीर अशी वर आली, जशी काही वाटच बघत होती. नळी भरली. रंग नेहमीचाच होता, दगडबिगड काही दिसला नाही.

नवा फॉर्म होता तिथे. 'खूप तहान लागून गेलेलं लहान मूल.' नर्स म्हणाली, "मी भरते." म्हटलं, आण इकडे. नातं: धाकटी बहीण. वय: पाच. 'आणखी काही सांगायचं आहे का' अशी रिकामी जागा होती. तिथे लिहिलं, 'पाणी मागत होती.' अक्षर वाकडं आलं. राहू दे.

बटणने एक सुई घेतली, एक किंकाळी फोडली आणि मग सगळ्या दवाखान्याला दंडावरची पट्टी दाखवत फिरली. तिचा निकाल यायला दोन महिने लागतील म्हणाले. काय यायचं ते येऊ दे. आलंच तर या वेळी घरात माठाला झाकण नाही.

तुझ्या पिशवीसाठी एक बटण काढून ठेवलंय, मोठं, चार भोकांचं, तुटणार नाही असं. पोस्टाने पाठवणार नाही. पोस्टमनने विचारलं होतं, नको म्हटलं. हे दुसऱ्याच्या हाताने नीट बसायचं नाही.

तू गेल्यापासून पत्रांतून लिहीत आले, यायची गरज नाही. तुला ते खरं वाटलं. लेकी-सुनांना, तुझ्या आजोबांना, कोणालाच मी कधी काही मागितलं नाही, कारण मागणाऱ्याचं काय होतं ते मी बघितलं होतं. आज मागते.

ये. एकदा. एकदाच.

आजी